मामा गेले, सर्वानुमते

सभेत जे बोललं जातं तेच इतिवृत्तात लिहिलं जातं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या नगरपंचायतीत येऊन बसावं. दोन नगरसेवक गटारीवरून एकमेकांच्या अंगावर धावून जातात, पाण्याचा ग्लास लवंडतो, कुणीतरी कुणाचा तरी आजा-पणजा काढतो, आणि मी शांतपणे लिहिते, 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर.' हे वाक्य माझ्या हाताला इतकं सरावाचं झालंय की एकदा घरी किराण्याची यादी करताना शेवटी मी तेच लिहून ठेवलं. नवरा बोरीच्या शाळेत मास्तर आहे. त्याने ती यादी जपून ठेवली आणि आल्यागेल्या पाहुण्याला दाखवत असतो.

मी या कार्यालयात आले तेव्हा ती ग्रामपंचायत होती. आठवडी बाजाराच्या मैदानाला लागून पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे ओटा आणि ओट्यापुढे झेंड्याचा खांब. मला संगणक चालवायला घेतलं होतं, पण संगणक यायलाच आठ महिने लागले. तोवर मी रजिस्टरं लिहीत होते आणि मामांकडून कार्यालय शिकत होते.

मामा म्हणजे ग्रामपंचायतीचे शिपाई. आमच्याकडे ऑफिसातल्या शिपायाला मामाच म्हणतात, पण या माणसाला अख्खं गाव मामा म्हणायचं. ज्यांच्यापेक्षा ते लहान होते तेसुद्धा म्हणायचे. खोल्या उघडणं, झाडणं, नळाला पाणी सोडणं, रस्त्यावरचे दिवे लावणं, ग्रामसभेची दवंडी देणं, नोटीस चिकटवणं, सरपंचांना शोधून आणणं, ही सगळी कामं एकट्या मामांची. आणि सगळ्यात मानाचं काम म्हणजे शिक्का. रहिवासी दाखला असो की जन्माची नोंद, ग्रामसेवकाची सही झाली की कागद मामांपुढे यायचा. शिक्का एका मखमली बटव्यात असे. मामा तो बाहेर काढायचे, तोंडाजवळ नेऊन त्याच्यावर 'हाऽऽ' करून वाफ सोडायचे आणि मग सगळं अंग घालून कागदावर दाबायचे. शाईची पेटी कायम सुकलेली, म्हणून ती वाफ.

मामांचा शिक्का नेहमी उजवीकडे तिरपा पडायचा. मी नवी असताना शहाणपणा करून म्हटलं होतं, "मामा, जरा सरळ मारा की."

"सरळ कोण बी मारील ताई," ते म्हणाले. "ह्यो तिरपा बगितला की तहसीलात मनतेत, आसल हाय, मामाचा हाय."

हे खरं होतं. तहसीलातला एक कारकून मला पुढे एका लग्नात भेटला, त्यानेही तेच सांगितलं.

मामांची दुसरी एक सवय म्हणजे कुठलीही गोष्ट कानावर आली की विचारायचे, "ठराव झालाय का?" हातपंप बसवायचा म्हटलं तर ठराव झालाय का. उरुसाला मंडप घालायचा, ठराव झालाय का. एकदा माझ्या नणंदेचं लग्न जमल्याचं मी सांगितलं, तेव्हाही त्यांनी हाच प्रश्न केला आणि मग स्वतःच हसले. पण त्यामागे त्यांचं एक पक्कं गणित होतं. जे बोललं ते हवेत गेलं आणि जे ठरावात आलं ते राहिलं. इतक्या वर्षांत इतके सरपंच येऊन गेलेले त्यांनी पाहिले होते की बोलण्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

गाव वाढत गेलं. परभणी रस्त्याला नवीन वसाहती झाल्या, शेतं बिनशेती झाली. पालमहून, सोनपेठहून येणाऱ्या येस्टीतून नोकरदार मंडळी उतरायची ती इथंच घरं बांधून राहायला लागली. दोन खोल्यांच्या ग्रामपंचायतीला हे सगळं पेलेना. मग एक दिवस अधिसूचना आली आणि आमची नगरपंचायत झाली. ओट्यावर पेढे वाटले गेले. जुनी पाटी मामांनीच शिडी लावून उतरवली, फडक्याने पुसली आणि आत भिंतीला टेकवून ठेवली. नवी पाटी चढवायला परभणीहून माणसं आली होती, तेव्हा मामा खाली उभे राहून त्यांना "डावीकडं घ्या, आजून डावीकडं" असं सांगत होते. आयुष्यभर तिरपा शिक्का मारणारा माणूस पाटी मात्र सुतात बघत होता.

नगरपंचायतीला शिव्या देणं हा गावाचा आवडता धंदा आहे. मी स्वतः देते, घरी बसून. पण खरं सांगायचं तर तिने पुष्कळ केलं. घंटागाडी आली, दिवे आले, बंब आला. कडब्याच्या गंजीला आग लागली की पूर्वी गंगाखेडहून बंब येईपर्यंत राख व्हायची, आता आमचाच बंब निघतो. आणि लोक काय काय घेऊन येतात! नळाला पाणी नाही, गटार तुंबली हे तर रोजचंच, पण म्हैस हरवली, सुनेने जेवायला दिलं नाही, शेजाऱ्याच्या लिंबाची पानं माझ्या अंगणात पडतात, हेही इथंच येतं. मुख्याधिकारी साहेब नवीन होते, कोल्हापूरकडचे, अगदी तरुण. ते सुरुवातीला म्हणायचे, "मॅडम, हे आपल्या अखत्यारीत येत नाही." मी म्हणायचे, "साहेब, बसवून घ्या, पाणी द्या, ऐकून घ्या. तेवढं अखत्यारीत येतं." हे मी मामांकडून शिकले होते. साहेबही शिकले हळूहळू. गाव अजून 'नगरपंचायतीत चाललो' म्हणत नाही, 'पंचायतीत जायलाव' असंच म्हणतं, आणि मला ते आवडतं.

आता मी ते सांगते जे सांगायला मला जड जातं.

नगरपंचायत झाल्यावर ग्रामपंचायतीच्या जुन्या माणसांना नव्या सेवेत घ्यायचं होतं. त्याला समावेशन म्हणतात. त्याची पहिली यादी करायचं काम माझ्याकडे आलं. ज्याच्या नेमणुकीचा ठराव दप्तरात आहे त्याचं नाव घ्यायचं, असा नियम. माझा ठराव होता. पाणीपुरवठ्याच्या दोघांचा होता. मामांचा सापडेना. मी लाल रुमालात बांधलेले सगळे गठ्ठे सोडले, एकेक ठरावबुक चाळलं. काहींना वाळवी लागली होती, पण मामांचा ठराव वाळवीने खाल्ला असंही म्हणता येत नव्हतं. तो झालाच नव्हता.

मी मामांना विचारलं. ते म्हणाले, "सरपंच ओट्यावर बसले व्हते. मनले, उद्यापासून ये. मी आलो."

ज्या माणसाने सगळ्या गावाला 'ठराव झालाय का' विचारलं, त्याचा स्वतःचाच ठराव नव्हता. कदाचित म्हणूनच तो विचारत होता, पण हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

यादीला शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. त्यात मला लिहिता आलं असतं की, हा माणूस तोंडी हुकमावर इतकी वर्षं कामाला आहे, चौकशी व्हावी. एका ओळीचं काम होतं. पण माझी नोकरी अजून कच्ची होती आणि यादीत माझंही नाव होतं. वर कुणी विचारलं असतं की तुम्ही नियमाबाहेरची नावं का घुसडता, तर? मी मामांचं नाव घातलं नाही आणि शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. मला भीती वाटली, दुसरं काही कारण नव्हतं.

त्या दिवशी प्रिंटर बंद होता, म्हणून यादी मी हातानेच लिहिली होती. ती नोटीस बोर्डावर मामांनी चिकटवली. गव्हाच्या पिठाची खळ करून आणली, चारी कोपऱ्यांना लावली, तळहाताने कागद सपाट केला. मग थोडं मागं होऊन वरपासून खालपर्यंत वाचली. मामा सावकाश वाचायचे, ओठ हलवत. मी खिडकीतून बघत होते. वाचून झाल्यावर त्यांनी वाटीतली उरलेली खळ नळावर धुतली आणि आत येऊन मला विचारलं, "ताई, चहा सांगू का?"

त्यानंतर कुणी म्हणालं असतं की घरी बसा, तर ते बसले असते. कुणी म्हणालं नाही. त्यामुळे मामा येत राहिले. हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं, नव्या शिक्क्याला त्यांनी कधी हात लावला नाही, तो आता माझ्या कपाटात असे. ते दाराजवळच्या बाकावर बसायचे आणि आलेल्या माणसाला कुठल्या टेबलाला जायचं ते सांगायचे. एव्हाना कार्यालय नव्या इमारतीत गेलं होतं आणि टेबलं इतकी झाली होती की त्याची गरजही होती. साहेबांना कित्येक महिने वाटत होतं की ते आपले सेवानिवृत्त शिपाई आहेत.

असं होता होता गेल्या वर्षी मामांना दम लागायला लागला. परभणीच्या दवाखान्यात भरती केलं. बायको आधीच वारलेली, मुलगा पुण्याला कंपनीत, लेक सोनपेठला दिलेली. तीच येऊन-जाऊन बघायची. मी रोज सकाळी मामांच्या मोबाईलवर फोन लावायचे. तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाज इतका खोल गेला होता की मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, काही खरं दिसत नाही.

नंतर रेंजमुळे फोन नीट लागलाच नाही आणि आठवड्याने सर्वसाधारण सभा होती. सभा सुरू व्हायच्या आधी मी नेहमीप्रमाणे फोन लावला. उचलणारा आवाज अनोळखी होता.

"मामा आहेत का?"

"मी शेजारच्या खाटावरच्या पेशंटचा माणूस बोलायलो. मामा गेले की, सकाळीच."

 मी एवढंच विचारलं, "फार त्रास झाला का हो?"

"न्हाई न्हाई, काय तरास न्हाई. लय शांत गेले. सगळ्यायला हात जोडले आन् गेले. मोबाईल मातर इथंच राह्यला बगा."

आणि रेंज गेली. मी पुन्हा लावला नाही. मोबाईल इथंच राहिला, हे त्या माणसाचं बोलणं माझ्या डोक्यात घुमायला लागलं. खरंच, काय नेतो माणूस, असं काहीबाही मनात येऊन मी जिन्यात बसून रडले.

सभागृहात मी सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले. आमच्या सभागृहात सतरा माणसं एकाच वेळी गप्प झालेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. नगराध्यक्षा म्हणाल्या, "विषयपत्रिका बाजूला ठेवा, आधी दुखवट्याचा ठराव घ्या." सूचक म्हणून उभे राहिले ते सगळ्यात वयस्कर नगरसेवक. त्यांचं बाजारात किराणा दुकान आहे. कपाळाला विभूतीचे ठसठशीत पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आणि बोलणं असं की गिऱ्हाईक साखर घ्यायला येऊन गूळही घेऊन जातं. ते त्या दिवशी दोनच वाक्यं बोलले. "माझ्या बापाच्या मयतीचा दाखला काढायला मी पंचायतीत आलो, तवा मामानं आधी मला पाणी देलं, मग कागुद देला. मी दुसरं काय सांगू." आणि खाली बसले.

मग एकेकजण बोलत गेला. कुणाच्या मुलाचा जन्मदाखला मामांनी स्वतः घरी आणून दिला होता. एका नगरसेविकेला सासरी आल्यावर गावातलं पहिलं ओळखीचं माणूस म्हणजे मामा, कारण ते पाणी सोडायला यायचे. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं, अनुमोदक मीच होणार म्हणून भांडले. मी लिहीत होते. पूर्ण नाव मला माहीत होतं, कारण त्या नावाचा ठराव मी दप्तरात दिवसचे दिवस शोधला होता. मी लिहिलं: 'या नगरपंचायतीचे ज्येष्ठ कर्मचारी', पुढे नाव, मग 'यांचे आज सकाळी दुःखद निधन झाले. त्यांनी केलेली सेवा हे सभागृह कृतज्ञतापूर्वक नमूद करीत आहे.' ज्येष्ठ कर्मचारी हे शब्द कुणी सांगितले नव्हते. ते मीच लिहिले. मेलेल्या माणसाची नेमणूक कुणी विचारणार नव्हतं, म्हणून मला भीती वाटली नाही. शेवटी हाताच्या सवयीने 'ठराव सर्वानुमते मंजूर' लिहिलं, सूचक-अनुमोदकांनी तिथंच सह्या केल्या, नगराध्यक्षांनी केली. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. सभा तहकूब झाली.

दुपारी मी मामांच्या लेकीला सोनपेठला फोन लावला. मयत केव्हा आणणार ते विचारायचं होतं. नगराध्यक्षांनी वैकुंठरथ पाठवायची तयारी केली होती. चालक गाडी धूत होता.

फोन उचलला गेला. "कोण, ताई का? मी मामा बोलायलो."

मी फोन कानापासून दूर धरून नंबर बघितला, तो लेकीचाच होता.

"आवाज यायलाय का? मपला मोबाईल दवाखान्यात राह्यला बगा. सकाळीच सुट्टी देली. पोरगी घ्यायला आली व्हती, मनली चार दिवस चला माज्याकडं. येस्टीनं आलो. ताई? रडायलाव कामून?"

आमच्याकडे घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. लहान लेकरू म्हणालं तरी त्याला टोकतात, येतो म्हणावं. मी स्वतः माझ्या पोरांना शेकडो वेळा टोकलं आहे. आणि त्या सकाळी मी 'गेले' हा शब्द ऐकला, आणि कुठं गेले, एवढं साधं विचारलं नाही.

त्या दिवशी ऑफिसात आधी ओरडा झाला, मग हसू झालं, मग सगळ्यांना ठरावावरच्या सह्या आठवल्या. साहेबांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, ठरावबुकात खाडाखोड करता येणार नाही. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करताना हा ठराव रद्द करून घ्या." विषय तेवढ्यावर मिटला असता.

चार दिवसांनी मामा आले. बारीक झाले होते, पण डोळे मिचकावत आले. दाराजवळच्या बाकावर बसले, दम घेतला आणि म्हणाले, "मनलं बगून यावं, मी मेल्यावर पंचायत कशी चालती."

सगळे भोवती जमले. चहा झाला. मंडळी पांगली तशी मामा माझ्या टेबलापाशी येऊन बसले. "वाचून दावा की ताई, काय लिव्हलंय ते."

मी ठरावबुक काढलं आणि वाचलं. सर्वानुमते मंजूर आलं तसे मामा खो खो हसले. "म्हंजी मपलं मरण सर्वानुमते मंजूर झालं! आरं, एकानं तरी इरोध करायचा व्हता की!" हसता हसता त्यांना खोकला आला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "पहिली वळ आजून एकदा वाचा."

मी वाचली. 'या नगरपंचायतीचे ज्येष्ठ कर्मचारी.'

"आजून एकदा."

मी पुन्हा वाचली. मामा आता हसत नव्हते. त्यांनी बोट त्या ओळीवर ठेवलं आणि ओठ हलवत स्वतः वाचली, आपलं नाव येईपर्यंत.

"ह्याची नक्कल मिळंल का?"

"मामा, हा ठराव पुढच्या सभेत रद्द होणार आहे."

"समदाच?"

"समदाच."

त्यांनी त्या ओळीवरून बोट उचललं. मग म्हणाले, "मरण रद्द करा, माजं काय म्हणणं न्हाई. पर ती वळ राहू द्या. गावाच्या कागदाला शिक्का मारण्यात जिंदगी गेली ताई. मपल्या नावाचा कागुद एक बी न्हाई." आणि उठून बाकावर जाऊन बसले. त्यांनी दुसरं काहीच मागितलं नाही. नोकरीचं वय केव्हाच उलटलं होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी मामांसाठी खुर्ची आतून आणून दिलेली मी पाहिली आहे. पण ते म्हणाले, "मॅडम, 'कर्मचारी' शब्द कायम केला तर उद्या तपासणीत विचारतील, नेमणूक कधीची, ठराव कुठाय? मी काय दाखवू?" ते बरोबर बोलत होते. तेच बोलून मी काही वर्षांपूर्वी स्वतःचं समाधान करून घेतलं होतं.

पुढची सभा आली. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मामा दारातल्या बाकावर होते, जिथून आतलं सगळं ऐकू येतं. मी ठराव वाचला. साहेबांनी अडचण सांगितली. किराणा दुकानवाले नगरसेवक उठले. "साहेब, आसं करा, माणूस तेवढा उठवा आन् बाकीचं आसू द्या." सभागृह हसलं. साहेबही हसले, पण मान हलवली. "नियमात कसं बसवू, सांगा."

सभेत लिपिकाने बोलायचं नसतं, लिहायचं असतं. इतक्या वर्षांत मी एकदाही बोलले नव्हते. त्या दिवशी मी पेन खाली ठेवलं आणि उभी राहिले. 

"साहेब, शेरा लिहिता येईल."

"कसला शेरा?"

"हे गृहस्थ ग्रामपंचायत काळापासून तोंडी हुकमावर कामावर होते. नेमणुकीचा ठराव दप्तरात आढळून येत नाही. परंतु त्यांनी काम केले हे सभागृहातील सर्व सदस्यांना प्रत्यक्ष माहीत आहे." मी एका दमात बोलले. मला शब्द शोधावे लागले नाहीत, ते कित्येक वर्षं माझ्याजवळ तयार होते. "यात खोटं काही नाही साहेब. हा शेरा मी समावेशनाच्या यादीतच लिहायला पाहिजे होता. मी लिहिला नाही. चूक माझी आहे."

 साहेबांनी सभागृहाकडे पाहिलं. "सगळ्यांना माहीत आहे?"

"हाय!" सतरा आवाज आले. दोन-तीन बाहेरूनही आले, बाजाराच्या दिवसामुळे व्हरांड्यात गर्दी होती.

"मग तपासणीला मी हेच दाखवीन," साहेब म्हणाले. "लिहा."

मी लिहिलं. मागील सभेच्या ठरावातील 'यांचे आज सकाळी दुःखद निधन झाले' हा मजकूर वगळण्यात येत आहे, सेवेचा उर्वरित मजकूर खालील शेऱ्यासह कायम करण्यात येत आहे. शेवटी लिहिलं, सर्वानुमते मंजूर. त्या दिवशी ते खरंच सर्वानुमते होतं.

सभा उठली, माणसं गेली. मी नक्कल तयार केली, साहेबांची सही घेतली आणि मामांना आत बोलावलं. ते माझ्या टेबलापुढच्या खुर्चीवर बसले. मला एकदाचं सांगून टाकायचं होतं.

"मामा, त्या वेळची यादी..."

"मला ठावं हाय ताई," मामा म्हणाले. "मीच चिटकवली न्हाई का. अक्षर तुमचं व्हतं. शेरा कोरा व्हता."

मी टेबलावरची नक्कल उगाच सरळ करत राहिले.

"तवा तुमची बी नोकरी कच्ची व्हती," ते म्हणाले. "पोरं ल्हान व्हती. आता झालं न्हवं?"

मी कपाट उघडलं. नगरपंचायतीचा गोल शिक्का आणि शाईची पेटी काढली आणि माझ्यापुढे न ठेवता त्यांच्यापुढे सरकवली. मामांनी शिक्क्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हात धोतराला पुसला. शाईची पेटी नवी होती, ओली होती, तरी त्यांनी शिक्का तोंडाजवळ नेला आणि 'हाऽऽ' करून त्यावर वाफ सोडली. मग सगळं अंग घालून दाबला.

उचलून पाहिलं तर शिक्का उजवीकडे कलला होता.

"मामा, तिरपा पडला," मी म्हणाले. डोळे पुसत होते, तरी म्हणाले.

मामांनी कागद उजेडाकडे धरला, शाई वाळेपर्यंत बघत राहिले.

"आसू द्या," ते म्हणाले. "वळखू येतंय."